एका भावाचे शून्य चेंडू, दुसऱ्याची वीस वर्षं

१५ सप्टेंबर १९७१. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये सामना शेवटच्या, म्हणजे नवव्या इनिंगपर्यंत आला होता. यजमान अ‍ॅस्ट्रोज संघाने नवा पिचर बोलावला. लॅरी याउंट, वय २१. मेजर लीगमधला त्याचा हा पहिलाच सामना. लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो मैदानात चालत आला.

मैदानाबाहेर वॉर्म-अप करतानाच त्याचं कोपर दुखायला लागलं होतं. मैदानात येऊन सरावाचे काही चेंडू टाकल्यावर बरं वाटेल, असा त्याचा अंदाज होता. तसं झालं नाही. दुखणं वाढवण्यापेक्षा आज थांबावं, पुन्हा संधी मिळेलच, असा विचार करून तो परत गेला. एकाही बॅटरला त्याने चेंडू टाकला नव्हता.

पण बेसबॉलचा नियम असा, की पिचरचं नाव अधिकृतपणे जाहीर झालं की तो सामना त्याच्या नावावर लागतो. त्यामुळे रेकॉर्ड बुकात लॅरी याउंटच्या नावापुढे आहे: सामने १, इनिंग ०. तो पुन्हा कधीच मेजर लीगमध्ये खेळला नाही. एकाही बॅटरला चेंडू न टाकता ज्याची मेजर लीगची अख्खी कारकीर्द संपली, असा इतिहासातला तो एकमेव पिचर.

लॅरीला एक धाकटा भाऊ होता, रॉबिन. एप्रिल १९७४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी तो मिल्वॉकी ब्रुअर्सकडून मेजर लीगमध्ये उतरला आणि १९९३ पर्यंत त्याच संघात राहिला. २० सीझन, २,८५६ सामने, ३,१४२ हिट्स. तीन हजार हिट्सचा टप्पा दीडशे वर्षांत चाळीस खेळाडूंनाही गाठता आलेला नाही. रॉबिन दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, १९८२ आणि १९८९ मध्ये, तेही मैदानातल्या दोन वेगवेगळ्या जागी खेळून. १९९९ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

एकाच घरातली ही दोन मुलं. बेसबॉलचं नाव काढलं की आपल्याला रॉबिनसारखे लोक आठवतात. पुतळे त्यांचे असतात, जर्सीवर नाव त्यांचं, सिनेमाही त्यांच्यावरच. पण या खेळाचा इतिहास आकड्यांनी मांडायचा ठरवला, तर सर्वसाधारण खेळाडू रॉबिनपेक्षा लॅरीच्या बराच जवळ सापडतो.

रांगेत किती जण?

आधी गणित बघू. मेजर लीगमध्ये आज ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघाच्या मुख्य यादीत २६ खेळाडू. म्हणजे जागा ७८०. या जागांकडे जाणारी शिडी लांबलचक आहे. दरवर्षी ड्राफ्टमधून शाळा-कॉलेजांतली साधारण ६०० मुलं निवडली जातात. त्याशिवाय डोमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला अशा देशांतून सोळा-सतरा वर्षांची मुलं करारबद्ध होतात. ही सगळी मुलं आधी मायनर लीगमध्ये जातात. सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए अशा पायऱ्या चढत राहायचं. बहुतेकांचा प्रवास या पायऱ्यांवरच संपतो.

म्हणजे ज्याने मेजर लीगमध्ये एक सामना खेळला, तोही हजारोंना मागे टाकून आलेला असतो. लॅरी याउंट अपयशी खेळाडू नव्हता. आपल्या गावातला, आपल्या शाळेतला तो बहुधा सगळ्यात चांगला खेळाडू असणार. प्रश्न त्याच्यापुढचा आहे: इतकं करून वर पोचलेला माणूस तिथे टिकतो किती?

२००७ साली अमेरिकेतल्या काही समाजशास्त्रज्ञांनी याचं उत्तर शोधलं. लोकसंख्येचे अभ्यासक माणसाचं आयुर्मान काढतात, त्याच पद्धतीने त्यांनी खेळाडूंच्या कारकिर्दीचं आयुर्मान काढलं. १९०२ ते १९९३ या काळात पदार्पण केलेले ५,९८९ खेळाडू त्यांनी घेतले. पिचर वगळले होते, कारण त्यांचं गणित वेगळं असतं. हे सगळे मिळून ३३,२७२ वर्षं खेळले. म्हणजे सरासरी ५.६ वर्षं.

सरासरीच्या आत काय दडलंय ते जास्त बोलकं आहे. दर पाचातला एक खेळाडू एकाच वर्षात संपला. पाचवा सीझन बघणारे निम्म्याहून कमी. वीस किंवा त्याहून जास्त सीझन खेळणारे शंभरात एक. आणि कारकिर्दीच्या कुठल्याही वर्षी, खेळाडू कितीही मुरलेला असो, पुढच्या वर्षी बाहेर पडण्याची शक्यता किमान ११ टक्के होती. एकदा स्थिरावलं की निवांत, अशी जागाच या खेळात सापडली नाही.

साध्या नोकरीत माणूस पंचविशीत लागतो आणि साठीला निवृत्त होतो. खेळाडूची कारकीर्द म्हणजे याचीच छोटी आवृत्ती, असं आपण धरून चालतो. तिशी-पस्तिशीत निवृत्ती, एवढाच काय तो फरक. अभ्यासकांना नेमकं हेच खोटं ठरलेलं दिसलं. इथे बहुतेकांना निवृत्ती येतच नाही. आल्या आल्या बाहेर जाणाऱ्यांचीच गर्दी असते.

आपल्याला हे जाणवत नाही, कारण जो वीस वर्षं खेळतो तो वीस वर्षं दिसतो. एका वर्षात गेलेला माणूस एकच वर्ष दिसतो. टीव्हीवर आज खेळणाऱ्या नऊ जणांकडे पाहिलं तर त्यात टिकलेलेच जास्त भरतात. गेलेले तिथे नसतातच, मग मोजणार कसे?

शरीर नावाचा करार

टिकण्याचा पहिला शत्रू शरीर. पिचरचा हात ज्या वेगाने आणि ज्या कोनात फिरतो, त्यासाठी माणसाचं कोपर घडलेलंच नाही.

लॉस एंजेलिस डॉजर्सचा सँडी कोफॅक्स हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. १९६६ च्या सीझनमध्ये त्याने २७ सामने जिंकले. पिचरसाठी एका सीझनला २० म्हणजेच भारी मानतात. तो त्या वेळचा जगातला सर्वोत्तम पिचर होता यावर फारसा वाद नाही. सीझन संपल्यावर काही आठवड्यांतच त्याने निवृत्ती जाहीर केली. वय ३०. कोपराला संधिवात झाला होता. इंजेक्शनं आणि गोळ्यांवर तो खेळत होता, आणि उरलेलं आयुष्य हात धड ठेवून काढायची त्याची इच्छा होती. १९७२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. इतक्या कमी वयात तिथे पोचलेला दुसरा कोणी नाही.

आठ वर्षांनी त्याच संघातल्या टॉमी जॉनचं कोपर गेलं. तोवर हे दुखणं म्हणजे कारकिर्दीचा शेवट मानला जाई. सप्टेंबर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी जॉनच्या दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवला. असं आधी कोणत्याही पिचरवर झालं नव्हतं. जॉनचं १९७५ चं अख्खं वर्ष गेलं. १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळत राहिला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि शेकडो पिचर तिच्यामुळे परत खेळू शकले.

कोफॅक्सच्या दुखण्यावर तेव्हा दुसरा उपाय नव्हता. जॉनला मात्र कोपर फाटायच्या वेळी योग्य डॉक्टर भेटला. कष्ट दोघांनी सारखेच केले होते. दीर्घ कारकिर्दीची गोष्ट सांगताना आपण शिस्त, जिद्द, फिटनेस असे शब्द वापरतो. ते खोटे नाहीत. पण त्या यादीत तारीखही टाकायला हवी.

ज्यांचं घड्याळ उशिरा सुरू झालं

तारखेचा विषय निघालाच आहे, तर सॅचेल पेज.

१८८० च्या दशकानंतर कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती. असा लेखी नियम कुठेच नव्हता, पण सगळे संघमालक तो पाळायचे. या खेळाडूंनी आपल्या वेगळ्या लीग उभ्या केल्या. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ही भिंत पडली. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. अभ्यास सांगतो, की लवकर सुरुवात करणारेच जास्त टिकतात. रॉबिन याउंटने अठराव्या वर्षी सुरुवात केली, त्याच्या मानाने जॅकी दहा वर्षं उशिरा आला. ती दहा वर्षं कुठे गेली हे वेगळं सांगायला नको. तो दहा सीझन खेळला.

जॉश गिब्सनला तेवढंही मिळालं नाही. निग्रो लीगमधला हा सर्वात बलाढ्य बॅटर जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी वारला. रॉबिन्सनच्या पदार्पणाला तेव्हा तीन महिने उरले होते.

आणि सॅचेल पेज? जुलै १९४८ मध्ये क्लीव्हलँडकडून तो मेजर लीगमध्ये आला, तेव्हा ४२ वर्षांचा होता. ज्या वयात इतरांना निवृत्त होऊन पाच-सात वर्षं झालेली असतात, त्या वयात याचा पहिला सीझन. त्या वर्षी क्लीव्हलँडने वर्ल्ड सीरिज जिंकली. सप्टेंबर १९६५ मध्ये कॅन्सस सिटीच्या संघाने त्याला एका सामन्यापुरतं पुन्हा बोलावलं. वय ५९. खरं तर तो प्रेक्षक खेचण्याचा प्रकार होता. पेजने तीन इनिंग टाकल्या, एकही रन दिला नाही, आणि हिट दिली ती एकच.

मेजर लीगच्या जुन्या हिशेबात पेजची कारकीर्द तोकडी दिसायची. २०२० मध्ये निग्रो लीगनाही मेजर लीगचा दर्जा दिला गेला आणि २०२४ मध्ये तिथले आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये सामावले गेले. पेजने टाकलेले चेंडू तेच होते. मोजणाऱ्यांची वही बदलली.

सहा वर्षांचं गणित

इथवर शरीर आणि इतिहास झाला. पण छोट्या कारकिर्दीची खरी किंमत पैशांत मोजली जाते, आणि ती कोणी मोजायची हा बेसबॉलमधला सगळ्यात जुना झगडा आहे.

जवळपास शंभर वर्षं खेळाडूंच्या करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचं कलम होतं. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. संघ त्याला विकू शकत होता, दुसऱ्या संघाशी अदलाबदल करू शकत होता. खेळाडूपुढे मात्र दोनच रस्ते होते: मिळेल तो पगार घेणं किंवा खेळ सोडणं.

१९६९ मध्ये सेंट लुइसच्या कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला पाठवलं गेलं. बारा वर्षं तो त्या संघासाठी खेळला होता. त्याने जायला नकार दिला आणि मेजर लीगला कोर्टात खेचलं. १९७० चा सीझन तो घरी बसला. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून १३ सामने खेळून त्याने खेळच सोडला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. तीन वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात लवादाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि रिझर्व्ह क्लॉज संपलं. फ्लडची कारकीर्द तोवर कधीच आटोपली होती.

त्यानंतर तडजोड झाली ती अशी: सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की खेळाडू ‘फ्री एजंट’, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा. बातम्यांत आपण वाचतो ते शेकडो मिलियन डॉलरचे करार बहुतेक याच दारातून येतात.

आता वरचा आकडा आठवा. सरासरी कारकीर्द ५.६ वर्षं, आणि निम्म्याहून जास्त खेळाडू पाचव्या सीझनपर्यंतही पोचले नाहीत. त्या अभ्यासातले बरेच खेळाडू जुन्या काळातले होते आणि नंतरच्या दशकांत कारकिर्दी थोड्या लांबल्या. तरी सहा वर्षांची मेख कळायला एवढं पुरे आहे. मोकळं होण्याचा दिवस उजाडतो, तेव्हा त्याच वर्षी आलेले कित्येक जण घरी परतलेले असतात.

संघांनाही हे गणित पाठ आहे. मेजर लीगच्या हिशेबात १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट या गुणी तरुणाला सीझनचे पहिले काही दिवस मायनर लीगमध्ये ठेवलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू तोच ठरला, पण एका दिवसामुळे त्याचं फ्री एजंट होणं एक वर्ष लांबलं. त्याने तक्रार केली आणि २०२० मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. ब्रायंट टिकला, म्हणून त्याचं फार बिघडलं नाही. ज्याला पाचच वर्षं मिळणार आहेत, त्याच्यासाठी मात्र तो एक दिवस फार महाग.

पेन्शनचंही तसंच. १९८० पर्यंत पेन्शनसाठी चार वर्षांची सेवा लागायची. त्या वर्षीच्या करारात ही अट ४३ दिवसांवर आली. फार मोठा विजय होता तो. पण नवा नियम मागे जाऊन लागू केला नाही. १९४७ ते १९७९ या काळात खेळलेले आणि चार वर्षं न भरलेले शेकडो खेळाडू पेन्शनविनाच राहिले. २०११ मध्ये त्यांच्यासाठी सेवेच्या प्रमाणात वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार डॉलर देण्याची सोय झाली. तेव्हा यातले बहुतेक जण साठी ओलांडून गेले होते.

खालच्या पायरीवरचे

या शिडीवर भारतीय पावलंही पडली आहेत. २००८ मध्ये भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा झाली: सगळ्यात वेगवान आणि अचूक चेंडू कोण टाकतो? उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, त्यातून पुढे आले. दोघांनी त्याआधी बेसबॉल हातात धरला नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. दिनेश २०१० मध्ये बाहेर पडला. रिंकू मायनर लीगमध्ये काही सीझन खेळला, मग दुखापत आणि कोपरावर तीच टॉमी जॉन शस्त्रक्रिया. त्यांच्यावरचा हॉलिवुड सिनेमा २०१४ मध्ये आला. तोवर दिनेश भारतात परतला होता आणि रिंकू दुखापतीतून सावरत होता. मेजर लीगमध्ये दोघांपैकी कोणीच पोचलं नाही. २०१८ मध्ये रिंकू डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला.

मायनर लीगमधल्या या पोरांचा पगार हा अलीकडेपर्यंत लाजिरवाणा विषय होता. २०२२ पर्यंत सिंगल ए मधला किमान पगार वर्षाला ११,००० डॉलरच्या आसपास होता. ट्रिपल ए, म्हणजे मेजर लीगच्या दारातली पायरी, तिथे १७,५०० च्या आसपास. सीझन संपला की अनेक जण दुसरी कामं धरायचे. २०२२ मध्ये हे खेळाडू युनियनमध्ये आले आणि २०२३ च्या पहिल्याच करारात हे आकडे अनुक्रमे २६,२०० आणि ३५,८०० झाले. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार होता ७,२०,००० डॉलर. शेवटची पायरी आणि दार यांच्यामध्ये एवढी दरी.

दहा वर्षांची अट

हॉल ऑफ फेमचीही अट आहे: किमान दहा सीझन. अ‍ॅडी जॉस हा क्लीव्हलँडचा पिचर १९०२ ते १९१० असे नऊ सीझन खेळला. १९०८ मध्ये त्याने ‘परफेक्ट गेम’ टाकला, म्हणजे समोरच्या एकाही बॅटरला बेसवर पोचू दिलं नाही. एप्रिल १९११ मध्ये मेंदूज्वराने तो गेला. एकतिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले होते. त्याच्या कुटुंबासाठी निधी गोळा करायला जुलैमध्ये एक खास सामना झाला. साय यंग, टाय कॉब, वॉल्टर जॉन्सन असे त्या काळचे मोठमोठे खेळाडू त्यासाठी आले. विमा नाही, पेन्शन नाही, म्हणून सहकाऱ्यांनीच झोळी फिरवली. हॉल ऑफ फेमने दहा वर्षांची अट त्याच्यासाठी बाजूला ठेवली, पण १९७८ मध्ये. मधे ६७ वर्षं गेली.

लॅरी याउंटनेही नंतर काही वर्षं मायनर लीगमध्ये प्रयत्न केले. १९७४ मध्ये तो ब्रुअर्सकडे, म्हणजे धाकट्या भावाच्याच संघाकडे आला. रॉबिनची मुख्य संघात निवड झाली, लॅरीची पाठवणी खाली मायनर लीगमध्ये. पुढे तो अ‍ॅरिझोनात जमीन-घरांच्या व्यवसायात उतरला आणि त्यात यशस्वी झाला. रॉबिनच्या करारांची बोलणीही तोच करायचा. ज्याला मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकता आला नाही, त्याने भावाच्या वीस वर्षांचे हिशेब सांभाळले.

१९७१ मध्ये लॅरीला बोलावलं ते सप्टेंबरमध्ये, कारण सीझनच्या शेवटच्या महिन्यात संघांना जास्तीचे खेळाडू घेता येतात. ती प्रथा अजून आहे. १ सप्टेंबरला यादी २६ वरून २८ वर जाते. तीस संघांत मिळून साठ जागा उघडतात, साठ पोरांना फोन जातात, आणि साठ घरांतून कुणीतरी आईला सांगतं की मी वर चाललोय. त्यातलं कोण पाच वर्षं राहील आणि कोण पाच दिवस, हे फोन करणाऱ्यालाही माहीत नसतं.